जानरावभाऊ आणि अठरा इंचाचं चाक

जानरावभाऊ माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहतात, आधी त्याच्या चाकाकडे. आमच्या गल्लीत कुणाकडे पाहुणे आले की बाकीचे लोक पडद्याआडून कोण आलं ते बघतात. जानरावभाऊ सरळ बाहेर येतात, पाहुण्यांच्या गाडीपाशी उकिडवे बसतात, टायर आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत दोन बोटं घालतात आणि मान हलवतात. त्या घराची पुढच्या आठवड्याची अब्रू ती मान कशी हलली यावर ठरते.

माझे साडू एकदा नवी कोरी गाडी घेऊन आले होते. हौसेनं त्यांनी कंपनीची चाकं काढून मोठी, चकाकणारी चाकं बसवून घेतली होती. भाऊंनी बोटं घातली, एकच बोट गेलं. "पाहुणे," ते म्हणाले, "गाडी चांगली हाय तुमची. पण हे चाक तिचं नोहे, दुसऱ्या कोणाचं तरी हाय." साडूंनी जेवण मुकाट्यानं केलं, पण ताटावरून दोनदा उठून गाडी पाहून आले. पुढच्या खेपेला चाकं बदललेली होती. तेव्हापासून आमच्याकडे येताना ते गाडी चौकातच लावतात आणि चालत येतात.

मी भाऊंचा शेजारी. अमरावतीत राजापेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे तोंडाकडे पाहणं हा माझा धंदाच. भाऊ मूळचे शेंदूरजनाघाटचे. संत्र्याच्या बागा अजून तिथंच आहेत, आणि थोरले बंधू, ज्यांना सगळं घर 'दादा' म्हणतं, त्यांचं आणि भाऊंचं मिळून एकच मोठं घर आमच्या भिंतीला भिंत लावून आहे. त्या घरात माणसं किती, हे मला इतक्या वर्षांत नक्की कळलेलं नाही. मोजायला घ्यावं तर एखादं आंघोळीला गेलेलं असतं. भाऊंनी साठी ओलांडली आहे. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, आणि खिशात पेनाच्या जागी टायरमधली हवा मोजायचं मीटर.

चाकाचा हा नाद त्यांना संत्र्यानं लावला. तरुणपणी ते मालाच्या ट्रकमध्ये बसून लांबलांबच्या बाजारांत जात. ट्रकच्या टायरमध्ये हवा जास्त भरली की खालच्या पेट्यांतला माल दबतो, हे त्यांनी तेव्हा पाहिलं, आणि मग ते चाकांचेच होऊन गेले. मयताला गेले तरी त्यांचं लक्ष तिकडेच. आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध गृहस्थांना पोचवून आल्यावर भाऊ त्यांच्या मुलाजवळ बसले, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि हळूच म्हणाले की बाबांना नेलं त्या गाडीच्या मागच्या चाकात हवा कमी होती, पण त्यांना काही त्रास झाला नसेल. मुलगा रडता रडता हसला. त्या दिवसात त्याला हसवणारा तेवढा एकच माणूस भेटला, असं तो अजून सांगतो.

पुतणीसाठी स्थळ पाहायचं होतं तेव्हाही हेच. आत पोहे चालले होते, मुलाच्या पगाराची विचारपूस चालली होती, आणि भाऊ बाहेर मुलाच्या गाडीपाशी. परत येऊन त्यांनी दादांच्या कानात सांगितलं की पोरगा चांगला आहे, त्यानं चारही टायर सारखे जपले आहेत, मागं ठेवलेला पाचवासुद्धा. जो पाचव्या चाकाला विसरत नाही तो बायकोच्या माहेरालाही विसरणार नाही, असा त्यांचा हिशेब. लग्न झालं. जावई खरोखरच दर दिवाळीला सासऱ्यांकडे येतो आणि भाऊंना आधी चाकं दाखवतो.

असा हा माणूस मागच्या वर्षी थंडी ओसरता ओसरता एक स्पोर्ट्स कार घेऊन आला.

नवी नव्हे, नागपूरच्या एका हौशी माणसानं वापरलेली. पिवळीधमक, लांब आणि इतकी बुटकी, की पहिल्या दिवशी समोरच्या घरातल्या आजींनी ती अर्धी जमिनीत रुतली असं समजून लोकांना हाका मारल्या. तिचं नाव परदेशी आहे, गल्लीत कुणालाच उच्चारता येत नाही, म्हणून सगळे तिला घोरपड म्हणतात. आत दोनच जागा. मागं बसायला काहीच नाही, एक पिशवी राहते. पायजमा घातलेले जानरावभाऊ तिच्यात वाकून शिरले की वरून फक्त त्यांची पांढरी मिशी आणि स्टिअरिंग दिसतं.

आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की म्हाताऱ्याला म्हातारचळ लागला. मीही त्यातलाच. नातवंडांनी शिकवलं असेल, बागायतदाराच्या हातात पैसा खुळखुळत असेल, असं माझ्या दुकानात येणारा प्रत्येक जण बोलून जाई आणि मी चष्म्याची काच पुसत हो म्हणे.

पहिल्या दिवशी भाऊंनी शेजारच्या जागेवर बसवलं कमलवहिनींना. कमलवहिनी म्हणजे भाऊंच्या पत्नी, त्या घरातली धाकटी सून. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. इतकं हळू, की त्यांचं बोलणं ऐकायला समोरच्याला थोडं पुढं झुकावं लागतं. कमरेच्या मणक्याचं त्यांचं जुनं दुखणं आहे. गाडी एवढी खाली, त्या बसणार कशा, अशी आम्हाला काळजी. पण जन्मभर पाटावर बसलेली बाई, त्या सहज बसल्या. ठेवणीतलं पातळ, केसात शेवंती. अंबादेवीला जाऊन आल्या. येताना सगळं ठीक होतं. आणि गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आला.

हा गतिरोधक भाऊंनीच स्वतः उभं राहून बांधून घेतलेला. फटफट्या उडवणाऱ्या पोट्ट्यांचा त्यांना राग येई, म्हणून त्यांनी तो चांगला उंच करवून घेतला होता. गाडी त्याच्यावरून गेली, दणका बसला, आणि वहिनींची कंबर धरली. तिघी जणींनी मिळून त्यांना बाहेर काढलं. त्या कितीतरी दिवस पलंगावर होत्या. उठून बसल्या तेव्हा त्यांनी राग नाही, तक्रार नाही, एवढंच सांगितलं की गाडी सुंदर आहे, पण मी आता त्यात बसत नाही.

जानरावभाऊंचं पुढचं सारं वर्ष हे एक वाक्य मागं घ्यायला लावण्यात गेलं.

दोष चाकांचा आहे हे त्यांना लगेच कळलं होतं. आधीच्या मालकानं कंपनीची चाकं काढून वीस इंची घातली होती, आणि कंपनीची कुणाला तरी देऊन टाकली होती. आता भाऊंचं शास्त्र ऐका. मी ते इतक्यांदा ऐकलं आहे की झोपेतही सांगू शकेन. चाकाची एकूण उंची तेवढीच ठेवावी लागते, नाहीतर वेगाचा काटा खोटं सांगतो आणि वळताना टायर पत्र्याला घासतो. म्हणजे आतलं लोखंडी चाक जितकं मोठं घ्याल तितकं बाहेरचं रबर पातळ होणार. त्या रबराला भाऊ गादी म्हणतात. "लोखंड वाढलं का गादी घटते," हे ते भेटेल त्याला सांगत. आणि कुणी मोठ्या चाकाची शान सांगू लागला तर विचारत, "पलंग मोठा केला अन् गादी पातळ केली, तं झोप येईन काय तुले?"

घोरपडीची गादी बांगडीएवढी उरली होती. तेव्हा प्रश्न एकच: नवं चाक किती इंचाचं घ्यायचं? वीस तर नकोच. एकोणीस घेतलं तर गाडी रुबाबदार दिसते आणि गादी थोडी वाढते. अठरा घेतलं तर गादी चांगली जाड, पण गाडी जरा गरीब दिसते. सतरा मिळालं तर मग काय, दिवाणखानाच.

पुतण्या प्रशांत वकील आहे, त्यानं वकिलासारखंच दुसऱ्या बाजूनं मांडलं की एकवीस टाका. भाऊंनी त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. मग ते अकोल्याला इरफानभाईंकडे गेले. इरफानभाईंचं चाकांचं मोठं दुकान आहे. घराणं बाळापूरचं, आजोबा बैलगाडीची चाकं करत, तेव्हा चाक यांच्या घरात रक्तातूनच आलेलं. भाऊ आणि इरफानभाई दुकानाच्या दारात उकिडवे बसत आणि चहा गार होईपर्यंत वाद घालत. इरफानभाईंचं म्हणणं, मधला मार्ग धरा. "भाऊ, उन्नीस डालो. दिखनेको भी अच्छी, और भाभीकी कमरको भी आराम." भाऊंना ते अर्धंच पटलं, पण एकोणीसची चारही चाकं बसवून आणली.

आता परीक्षा कशी घ्यायची? वहिनींना पुन्हा बसवून पाहणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, मी बसतो की बाजूला, दणका बसला तर सांगेन. भाऊंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुले पाठ हाय हेच तुले माहीत नाई, अविनाश. तू काय सांगशीन?" मला राग आला. माझीही कंबर दुखते, फक्त मी गल्लीभर सांगत नाही.

त्यांनी बाजूच्या सीटवर बसवली संत्र्यांची पेटी. पट्टा लावून. संत्रं खोटं बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. पिकलेल्या, ढिल्या सालीच्या फळाला दणका बसला तर त्या दिवशी काही दिसत नाही. दोन दिवस ठेवलं की दबलेली जागा मऊ पडते, बोटाला कळते, नाकाला कळते. हीच गोष्ट माणसाच्या कमरेची. दणका आज बसतो, दुखणं उद्या येतं. शेंदूरजन्याच्या बागेतून खास पेटी आली. भाऊ ती बाजूला बसवून अमरावतीहून अकोल्याला गेले आणि वाटेत दिसेल त्या गतिरोधकावरून, दिसेल त्या खड्ड्यातून मुद्दाम गाडी घालत परत आले. मूर्तिजापूरला चहाला थांबले तेव्हा टपरीवाल्यानं विचारलं म्हणे, की एवढ्या महागाच्या गाडीत पट्टा लावून संत्री कुठं चालली? लग्नाला, असं भाऊंनी सांगितलं.

दोन दिवसांनी ओसरीवर पेटी उघडली. भाऊंनी एकेक फळ हातात घेऊन फिरवलं, दाबलं, हुंगलं. एकही दबलेलं नव्हतं. असा आनंद मी त्यांच्या तोंडावर पुतणीच्या लग्नातही पाहिला नव्हता. ते आत गेले आणि वहिनींना काय बोलले कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी बाहेर आल्या आणि गाडीत बसल्या. गल्लीच्या तोंडाशी भाऊंनी दुधाची कासंडी नेल्यासारखी गाडी नेली. बडनेरा रोडला लागल्यावर कुठंतरी एक साधाच खड्डा आला. वहिनींनी दाराची मूठ घट्ट धरली आणि गाडी थांबवायला सांगितली. मग त्या उतरून चालत परत आल्या, कमरेवर हात ठेवून, आणि त्यांच्या मागं चार हातांवर जानरावभाऊ, खाली मान घालून. गाडी रस्त्यातच दिवे मिचकावत उभी होती. ती नंतर प्रशांतनं आणली.

त्या दुपारी मी ओसरीवर गेलो तेव्हा भाऊ खिशातलं मीटर हातात फिरवत बसले होते. वहिनी भिंतीला टेकून, पाठीशी उशी घेऊन, रसासाठी त्या पेटीतली संत्री काढत होत्या. त्यांचा हात तळाशी गेला आणि थांबला. त्यांनी मूठभर वाळलेलं गवत, तणस, वर काढलं. मग बाजूनंही काढलं. पेटीला चारही अंगांनी तणसाचं जाडजूड अस्तर होतं.

बागेत माल भरणारे नत्थूजी आहेत, फार जुने. फोन लावून विचारलं तर त्यांना प्रश्नच कळेना. भाऊच्या गाडीत पेटी जाणार म्हटल्यावर तशीच कशी देणार, असं त्यांनी उलट विचारलं. चांगल्या मालाला खाली तणस, बाजूला तणस, ही रीत त्यांना तरुणपणी जानरावभाऊंनीच शिकवली होती. पेटी सीटवर बसवताना, फळं तपासताना भाऊंनाही ते तणस दिसलं असणार. पण जन्मभर तेच पाहिलेल्या डोळ्यांना त्यात वावगं काही दिसलं नाही. फोन ठेवल्यावर ते नत्थूजींवर रागावले नाहीत. ते तणस पेटीतून काढू लागले.

वहिनींना तोवर या परीक्षेचं काहीच माहीत नव्हतं. सगळं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजे माह्या जागी संत्री बसवली होती काय तुमी?" भाऊंनी मान हलवली. वहिनी हसू लागल्या, हसताना कंबर दुखली म्हणून कण्हल्या आणि परत हसू लागल्या. भाऊ मात्र हसले नाहीत.

यानंतर सगळ्यांनी एकच धोशा लावला, की गाडी विकून टाका. दादांनी सांगितलं, प्रशांतनं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. मीही एके दिवशी सांगितलंच. घरी सात जणांची मोठी गाडी आहे, मऊ सीटची, उंच, तिच्यात वहिनींना काही त्रास होत नाही. मग या वयात हा हट्ट कशाला? माझा आवाज जरा चढलाच असावा. भाऊ चाकापाशी बसले होते, तिथूनच बोलले.

"थे सात जणाईची गाडी हाय," ते म्हणाले. "म्हंजे आमी अकरा जण बसतो. लगीन झाल्यापासून मी डायवर. बाजूले दादा. मधी माय, मोठी वहिनी. अन् तुयी वहिनी सगळ्यात मागं, पोट्ट्याईले मांडीवर घेऊन. शेगावले गेलो तं तसंच, सोयरिकीले गेलो तं तसंच. मले थे आरशात दिसे. एखादं पोट्टं उभं राह्यलं का थेही नाई."

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"कोणाचं चुकलं नाई बावा. घर भरलेलं हाय, कोणाले नाई म्हनावं? कोणी म्हनते, मीबी येतो. ये म्हनाव लागते. या गाडीत दोनच जागा हायेत. कोणाले नाई म्हनाव लागत नाई."

मला भरून आलं. आणि स्वतःचा रागही आला. इतके दिवस आम्ही ज्याला म्हातारचळ म्हणत होतो तो माणूस लग्नाच्या बायकोबरोबर एकदा दोघंच कुठंतरी जावं, एवढ्यासाठी धडपडत होता, आणि तेही घरातल्या एकाही माणसाचं मन न दुखवता. दुसरा कुणी असता तर सरळ म्हणाला असता की आज आम्ही दोघंच जातो. जानरावभाऊंना ते जन्मात जमलं नसतं. त्यांनी त्यासाठी अख्खी स्पोर्ट्स कार विकत घेतली.

मग मी त्यांच्या बाजूनं झालो. अकोल्याला मीही गेलो, माझ्या गाडीनं, मागून. कारण बाजूची जागा आता वहिनींची किंवा संत्र्यांची, तिसऱ्याला तिथं मज्जाव. भाऊंना सतराचं चाक हवं होतं. जितकं लोखंड लहान तितकी गादी जाड, आणि त्यांना आता जगातली सगळ्यात जाड गादी हवी होती. इरफानभाई सांगून थकले. "सतरा बैठताच नहीं भाऊ. अंदर ब्रेक है इतना बडा, उसको लगता है." स्पोर्ट्स कारचे ब्रेक मोठे असतात, चाक लहान केलं तर ते आत मावत नाहीत. भाऊंनी तरी बसवून पाहायला लावलं. हातानं फिरवलं तर चाकाच्या आतल्या बाजूला ओरखडा उठला. भाऊंनी त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं, बराच वेळ. शेवटी म्हणाले, बसवा अठरा.

अठराचं चाक, त्यावर नेमाची उंची राखून जितकं जाड बसेल तितकं रबर. मग हवेचा खेळ सुरू झाला. हवा थोडी कमी, थोडी जास्त, परत कमी. आणि दर वेळी पेटी, भाऊंनी स्वतःच्या हातानं भरलेली, तणसाची काडीही नाही. त्या मोसमात आमच्या गल्लीनं जितकी संत्री खाल्ली तितकी आधी कधी खाल्ली नसतील. फुकट नव्हे बरं का. प्रत्येक घरानं आपल्या वाट्याची फळं दाबून, हुंगून, दबलेली किती ते भाऊंना सांगायचं. माझी बायको शुभा संत्र्याच्या वासालाच कंटाळली होती, पण सकाळी उठली की आधी फळं दाबून पाहायची. हळूहळू दबलेली फळं कमी होत गेली. मग एका पेटीत आम्हाला कुणालाच काही सापडेना.

अठराच्या चाकांवर घोरपड खरोखर गरीब दिसायला लागली होती. पोट्टे म्हणाले, घोरपडीनं कॅनव्हासचे बूट घातले. आधीच्या मालकानं पाहिलं असतं तर डोकं धरलं असतं. दुसऱ्यांच्या गाडीवरचं चुकीचं चाकही सहन न करणाऱ्या भाऊंना हे कसं वाटेल, अशी मला धास्ती होती. ते पोट्ट्यांबरोबर मोठ्यानं हसले. माझ्या दुकानात मी रोज पाहतो, लोक चेहरा विसरून फ्रेमच्या प्रेमात पडतात. या माणसानं जगातली सगळ्यात देखणी फ्रेम बाजूला ठेवून काच निवडली होती. माझ्या मनातली त्यांची किंमत त्या दिवशी फार वर गेली.

वहिनींना त्यांनी या वेळी काहीच विचारलं नाही. एका रविवारी सकाळी त्याच बाहेर आल्या, हातात पाण्याची बाटली, आणि गाडीच्या दाराशी उभ्या राहिल्या. भाऊंची किल्ली सापडेना, ती त्यांच्याच हातात होती. घरातली पोरं सवयीनं चपला घालून धावली. दादाही सवयीनं टोपी घालून बाहेर आले, गाडीत वाकून पाहिलं, बसायला जागा दिसेना, तेव्हा टोपी काढून हसत आत गेले. गाडी गतिरोधकावर चढली, उतरली. आम्ही सगळे पाहत होतो. गाडी थांबली नाही.

ऊन उतरल्यावर ते परत आले. वहिनी स्वतःच्या स्वतः उतरल्या. मी कुठं जाऊन आलात म्हणून विचारलं तर भाऊ म्हणाले, अकोल्याच्या अंगानं. वहिनींचे डोळे मात्र रडल्यासारखे दिसत होते.

दुसऱ्या दिवशी शुभानं वहिनींकडून सगळं ऐकलं. बडनेरा मागं पडेपर्यंत दोघंही गप्प होते. कुणी मध्ये नसताना काय बोलायचं याची सवयच नव्हती. मग वहिनींनी काहीतरी विचारलं. भाऊंनी उत्तर दिलं नाही. वहिनींनी आणखी काही सांगितलं. भाऊ रस्त्याकडे पाहत, खुशीत, गाडी चालवत होते. घरीही असंच व्हायचं. त्या बोलत, हे कधी ऐकत, कधी नाही. पण आज त्या पहिल्यांदाच इतका वेळ भाऊंच्या डाव्या हाताला, इतक्या जवळ बसल्या होत्या, आणि त्यांना शंका आली. त्यांनी आपल्या नेहमीच्या आवाजात सांगितलं की गाडी थांबवा, मला उतरायचं आहे. भाऊ तसेच खुशीत चालवत राहिले. मग त्यांनी भाऊंच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं. भाऊंनी दचकून गाडी कडेला घेतली.

डाव्या कानानं तुम्हाला ऐकू येत नाही काय, असं वहिनींनी विचारलं. कमीच येतं, भाऊ म्हणाले, ट्रॅक्टरच्या आवाजानं गेला असेल, बरीच वर्षं झाली. मग कधी सांगितलं का नाही? त्यावर भाऊ म्हणाले की सांगायची वेळच आली नाही, त्या बाजूला कायम दादा बसत, आणि दादा बोलतच नाहीत.

"मले वाटे, माह्यं बोलणं त्याईले ऐकाचंच नसते," वहिनी शुभाला म्हणाल्या. "इतले वर्ष मी मनात राग धरून होती. गाडीतच रडली मी." हे सांगतानाही त्यांचे डोळे भरले होते, आणि शुभाचेही. मला सांगताना तिला दोनदा थांबावं लागलं.

आता दर रविवारी ते दोघं जातात. कधी अकोल्याच्या अंगानं, कधी अंजनगावच्या. वहिनी बाजूला बसून मोठ्यानं बोलतात. जावेची तक्रार, वांग्यांचा भाव, माहेरच्या कुणाचं काय झालं, सगळं. काच खाली असली की आम्हाला आमच्या ओसरीवर ऐकू येतं. ज्यांचं बोलणं ऐकायला लोकांना पुढं झुकावं लागे त्या कमलवहिनी याच, यावर नवीन माणसाचा विश्वास बसणार नाही. भाऊ मान डावीकडे कलती करून गाडी चालवतात.

परवा मी त्यांना अडवलं. माझ्या दुकानाशेजारीच कानाच्या मशीनचं दुकान आहे, चांगली मशीनं मिळतात, मालक माझ्या ओळखीचा, आपण जाऊन येऊ, असं सांगितलं. भाऊंनी ऐकून घेतलं. गाडीकडे एकदा पाहिलं.

"लावू ना बावा मशीन," ते म्हणाले. "पण इतक्यात नको. या घरात येऊन तुयी वहिनी कधी मोठ्यानं बोलली नाई. आता कुठी बोलून राह्यली."

गाडीतून वहिनींनी हाक मारली. ती पहिलीच हाक त्यांना ऐकू गेली हे मला दिसलं; उजवा कान गाडीकडेच होता. पण ते माझ्यापाशी तसेच उभे राहिले, आणि तिसऱ्या हाकेला निघाले.